हात वर करून थांबणारा ससा

(चावी देण्याचा आवाज)

कट्… कट्… कट्… कट्…

नमस्कार, श्रोतेहो. ओळखलात ना आवाज? आता चावी सोडतो. ऐका.

(घर्रर्र आवाज, त्यावर ढोलाचे ठोके)

माझ्यासमोर टेबलावर पत्र्याचा एक ससा आहे. वीतभर उंच, गळ्यात ढोल, दोन्ही हातांत काठ्या, पाठीत चावी, एका कानाचा रंग उडालेला. तो तुम्हाला दिसत नाही हे एका अर्थी बरंच आहे. डोळे सशाच्या चेहऱ्यावरच घुटमळतात, कान मात्र थेट त्याच्या पोटात शिरतात. आणि चावीच्या खेळण्याची सगळी अक्कल असते ती पोटात.

पहिला आवाज कट् कट् असा. आत पोलादी पट्टीची गुंडाळी असते, तिला कोणी स्प्रिंग म्हणतं, जुने घड्याळजी कमान म्हणतात. कमानीचं आतलं टोक चावीच्या दांड्यात अडकवलेलं, बाहेरचं टोक सांगाड्याला. चावी फिरवली की गुंडाळी आवळत जाते. पण हात काढल्याबरोबर ती एका झटक्यात उलगडली तर खेळ तिथेच आटोपला. म्हणून चावी एकाच दिशेने मोकळी फिरावी आणि उलटं फिरताना दातेरी चाकाला सोबत ओढून न्यावं, अशी सोय लागते. कित्येक स्वस्त खेळण्यांत ही सोय फार मजेदार असते. चावीच्या दांड्यावर एक वाकडी लवचिक चकती बसवतात आणि तिची जीभ मोठ्या चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकते. चावी देताना जीभ एकेका आऱ्यावरून उडी मारते, तोच तुमचा कट् कट्. चावी सोडली की तीच जीभ आऱ्याला धरते आणि चाक फिरवते. वेगळा खटका नाही, वेगळं चाक नाही. खेळणं चालू असताना पाठीवरची चावी हळूहळू उलटी फिरताना तुम्ही पाहिली असेल, ती यामुळेच.

इथे एक सावधगिरीची सूचना, स्वानुभवाची. पत्र्याची खेळणी सहसा स्क्रूने जोडत नाहीत. एका भागाला पत्र्याच्या बारीक जिभा, दुसऱ्याला खाचा. जीभ खाचेतून काढायची आणि वाकवायची, झाला जोड. ती जीभ एक-दोनदा सरळ करता येते, मग मोडते. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अगदी हळुवारपणे जिभा उघडत होतो. फक्त आत कमान निम्मी भरलेली आहे याचा विसर पडला. सांगाडा सैल झाला आणि ती पट्टी सापासारखी सळसळत बाहेर आली. अंगठ्याची खूण अजून आहे. तेव्हा कधी खोलायची हौस आलीच, तर आधी चावी पूर्ण संपू द्या.

आता दुसरा आवाज, तो घर्रर्र. पुष्कळांना वाटतं, चाकं एकमेकांवर घासतात म्हणून तो येतो. चाकांचा वाटा त्यात थोडाच. तो ब्रेकचा आवाज आहे! ज्याच्या पोटात मुळात एवढीशी ताकद, त्या खेळण्याला ब्रेक कशाला?

थोडा हिशोब करू. मोठं चाक ४८ दात्यांचं, ते १२ दात्यांच्या लहान चाकाला फिरवतं. म्हणजे वेग चौपट. त्याच आसावर पुन्हा ४८ चं चाक, ते पुढच्या १२ ला फिरवतं. पुन्हा चौपट, एकूण सोळापट. तिसऱ्या जोडीनंतर ६४ पट. चावीचे पाच फेरे दिले तर शेवटचा आस ३२० फेरे घेणार. पण फुकट काही मिळत नाही. वेग ६४ पट झाला म्हणजे पिळाचा जोर ६४ पटींनी घटला, वर घर्षणाची कपात वेगळीच. शेवटचा आस इतका दुबळा असतो की बोटाच्या नखाने तो थांबवता येतो. आणि म्हणूनच ब्रेक लावायची जागा तीच. कमानीला अडवायचं तर पहिलवान हवा, तिच्या पणतूला अडवायला एक पत्र्याचा तुकडा पुरतो.

तो तुकडा असा: शेवटच्या आसावर टोकदार दात्यांचं तारकेसारखं चाक. त्याच्या शेजारी दोन पाय असलेली, मध्यावर झुलणारी पत्र्याची पट्टी. चाकाचा दाता एका पायाला ढकलतो, पट्टी झुलते, तिचा दुसरा पाय पलीकडच्या दात्यासमोर येतो, तोही ढकलला जातो. चाकाला पंधरा दाते असले तर ३२० फेऱ्यांत ४८०० दाते या पट्टीला धक्का देऊन जातात. ससा चाळीस सेकंद वाजवत असेल तर सेकंदाला १२० दाते. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, घर्रर्र ऐकू येतं. घड्याळातही याच जातीची योजना असते, पण तिथे झुलणाऱ्या भागाला स्वतःची लय असते, लंबकाची नाहीतर केसासारख्या स्प्रिंगची. खेळण्यातल्या पट्टीला स्वतःची लय नाही. मागून जोर जास्त आला की ती भराभर झुलते, जोर कमी झाला की सावकाश. म्हणून ताजी चावी दिलेला ससा आधी पिसाटल्यासारखा ढोल बडवतो आणि शेवटी शेवटी पेंगतो. हा दोष म्हणायचा का? मला विचाराल तर नाही. पेंगणारा ससा फार लोभस दिसतो.

चावीच्या संगीतपेटीत मात्र हे चालत नाही, गाणं पेंगलं तर कानाला बोचतं. तिथे शेवटच्या आसावर छोटा पंखा असतो. वेग वाढला की हवेचा अडथळा त्याहून झपाट्याने वाढतो, त्यामुळे चाल बरीचशी एकसारखी राहते. शिवाय तो गप्प असतो. घर्रर्र करणारी पट्टी गाण्याखाली कोणाला हवी?

आता सशाचे हात. मधल्या आसावरून, म्हणजे जिथे वेग सोळापट आहे तिथून, हातांसाठी गती घेतलेली आहे. पाच फेऱ्यांच्या चावीत तो आस ८० वेळा फिरतो. त्यावर कॅम, म्हणजे मुद्दाम वेडावाकडा कापलेला धातूचा तुकडा. गोगलगाईच्या शंखासारखी त्याची कड हळूहळू बाहेर येते आणि एका ठिकाणी कड्यासारखी तुटते. हाताच्या मागच्या टोकाची खुंटी या कडेवर टेकलेली. कड चढते तसा हात उचलला जातो, कडा आला की खुंटी खाली कोसळते आणि काठी ढोलाकडे जाते. दोन हातांना दोन कॅम, अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने. ८० फेऱ्यांत १६० ठोके, सेकंदाला चार.

एवढं समजल्यावर मी एकदा स्वतः लाकडाचा ढोलवाला बनवायला बसलो. काठी पडायची, पण आवाज यायचा ‘थप्’, मेलेला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग सशाला कानाशी धरून, चावी न देता, त्याचा हात बोटाने हळूच खाली सोडला आणि चूक सापडली. सशाची काठी खाली येऊन ढोलावर टेकतच नाही! ती कातड्याच्या केसभर वर थांबते. जोरात सोडली तरच स्वतःच्या वेगाने हाताची तार किंचित लवते, काठी ढोलाला शिवते आणि लगेच परत येते. माझी काठी पडून तिथेच बसत होती आणि आपणच काढलेला आवाज दाबून टाकत होती. घड्याळाच्या टोल्याची हातोडीही अशीच घंटेपासून जरा दूर विसावते.

तो केसभराचा फरक सापडल्यापासून मी चावीच्या खेळण्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. बाहुली हलवणं सोपं आहे. कशालाही चाकावर खिळा मारा, ते हलेल. पण सतत, सारख्या गतीने वरखाली होणारा हात हा पंपाचा दांडा दिसतो. हात जिवंत वाटतो तो कुठे थांबतो यामुळे. कॅमच्या कडेचा एक भाग जर बरोबर गोलाईत कापला, म्हणजे आसापासून त्याचं अंतर बदलूच दिलं नाही, तर तेवढा वेळ चाक फिरत राहतं आणि हात मात्र स्तब्ध. बघणाऱ्याला वाटतं, आता हा काहीतरी विचार करतोय. कानशीने घासताना त्या गोल भागावर मी सर्वात जास्त वेळ घालवतो.

हे जुन्या कारागिरांना पक्कं माहीत होतं. स्वित्झर्लंडचे घड्याळजी पिएर जाके-द्रो, त्यांचा मुलगा आंरी-लुई आणि सहकारी लेशो यांनी १७६८ ते १७७४ या काळात तीन बाहुल्या केल्या. त्यातला लिहिणारा मुलगा सुमारे ६००० भागांचा आहे. तो न्यूशातेलच्या संग्रहालयात आजही लिहितो. चाळीस अक्षरांपर्यंतचा मजकूर त्याच्या पाठीतल्या चाकावर लावता येतो. प्रत्येक अक्षरासाठी कॅमचं त्रिकूट: एक हात आडवा नेतो, एक पुढेमागे, तिसरा टाक कागदावर दाबतो नि उचलतो. पण लोक गारद होतात ते अक्षरांनी नव्हे. तो टाक दौतीत बुडवतो, बाहेर काढतो आणि जादा शाई झटकतो. त्याचे डोळे टाकाच्या मागे फिरतात. लिहिण्यासाठी डोळ्यांची काही गरज नव्हती. त्यांच्यासाठी खर्च केलेले भाग फक्त आपल्यासाठी आहेत.

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटची गोष्टही याच जातीची. १९२८ साली एका घराण्याने तिथे मोडक्या यंत्रबाहुलीचे अवशेष दिले. ती कोणी केली याबद्दल घरात चालत आलेली समजूत निराळीच होती. दुरुस्त करून तिला चालवलं, तर तिने चित्रं काढली, कविता लिहिल्या आणि एका कवितेच्या शेवटी फ्रेंचमध्ये लिहिलं, ‘मायार्देच्या यंत्रबाहुलीने लिहिलं’. कारागिराचं नाव पितळी कॅमच्या कडेवर चढउतारांच्या रूपात कोरलेलं होतं, कोणी चावी देईपर्यंत ते कोणाला वाचता आलं नाही.

थांबण्याचा सर्वात सुंदर उपयोग मात्र जपानच्या चहा देणाऱ्या बाहुलीत आहे. एदो काळातली, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांदरम्यानची ही बाहुली. तिच्या हातातल्या तबकावर पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालू लागते. पाहुण्याने पेला उचलला की थांबते आणि चहा पिऊन होईपर्यंत उभी राहते. पेला परत ठेवला की वळून आली तशी जाते. आत युक्ती एवढीच की पेल्याच्या वजनाने हात जरासा खाली जातो आणि चाकातली खिट्टी निघते. वजन गेलं की हात वर, खिट्टी आत. १७९६ साली होसोकावा हान्झो याने तिची रचना आकृत्यांसह छापली. कमान पोलादी नव्हती, देवमाशाच्या तोंडात गाळणीसारख्या ज्या लवचिक पट्ट्या असतात त्यांची होती.

ती बाहुली खरं तर चालत नाही, घोळदार किमोनोखाली चाकं आहेत. चालणं हे या धंद्यातलं सर्वात अवघड काम. दोन पायांवरचं खेळणं एक पाय उचलतं तेव्हा त्याचा सगळा भार दुसऱ्या पायाच्या तळव्यात मावला पाहिजे, नाहीतर ते आडवं होणार. म्हणून चावीच्या रोबोचे पाय होडीएवढे असतात. अमेरिकेत १८६२ साली इनॉक राइस मॉरिसन याने चालणाऱ्या बाहुलीचं पेटंट घेतलं. त्याने सगळी यंत्रणा घंटेसारख्या मोठ्या घागऱ्यात दडवली. खालून फक्त बुटांची टोकं आळीपाळीने पुढे येतात. त्या काळची घोळदार फॅशन त्याच्या पथ्यावरच पडली असणार.

आणखी एक युक्ती सांगतो, कारण ती मला फार आवडते. काही पत्र्याच्या गाड्या टेबलाच्या कडेला येतात, आता पडणार म्हणून आपण हात पुढे करतो, आणि त्या आपोआप वळतात. गाडीच्या पोटाखाली, पुढच्या चाकांच्या जरा मागे, एक चाक आडवं, म्हणजे बाकीच्या चाकांशी काटकोनात, बसवलेलं असतं. ते सतत फिरत असतं पण टेबलाला शिवत नाही. पुढची चाकं कडेबाहेर गेली की नाक खाली झुकतं, आडवं चाक टेबलावर टेकतं आणि गाडीला बाजूला ओढतं. कड ओळखणारं काहीही आत नाही, ओळखण्याचं काम पडण्यानेच केलं.

आता ससा पेंगायला लागला आहे. ऐका.

(घर्रर्र मंदावतो. ढम… ढम…… ढम………)

थांबला. मी न बघता सांगतो, त्याचा एक हात वर आहे. कमानीचा जोर संपत येतो तेव्हा खेळणं वाटेल तिथे थांबत नाही, जिथे चढ सर्वात अवघड तिथे अडतं. इथे चढ म्हणजे हात उचलणं. त्यामुळे चावी संपलेला ढोलवाला काठी उगारलेलीच सापडतो. कमानीत अजून किंचित जोर असतो, फक्त चढ संपवण्याइतका नाही. टेबलावर टिचकी मारली तर कधी कधी तेवढा धक्का पुरतो. बघू या.

(टिचकी. क्षणभर शांतता. ढम.)