तडतड, टिकटिक, खरखर

संगणकावर रेकॉर्डिंग करण्याबद्दलच्या आजच्या व्याख्यानासाठी जे प्रश्न आधी लिहून आले, त्यातले निम्मे तरी एकाच ओळीचे आहेत: ‘आवाज फाटतोय, काय करू?’ माझी अडचण ‘फाटतोय’ या शब्दापाशी सुरू होते. आपल्या भाषेत नादाचे शब्द भरपूर आहेत आणि दोष शोधताना ते खरोखर उपयोगी पडतात. मध्येच कुठेही, कशाही अंतरानं उठणारी तडतड वेगळी. ठरावीक वेळानं येणारी टिकटिक वेगळी. आवाज चढला की लागणारी खरखर वेगळी आणि केबल हलवली किंवा बटण फिरवलं की होणारी करकर वेगळी. प्रत्येकीचं मूळ निराळ्या ठिकाणी असतं. ‘बफर वाढवा’ (बफर म्हणजे काय ते पुढे येईलच) हा सल्ला यातल्या फक्त पहिलीवर चालतो.

आणि कशालाही हात लावण्याआधी एक गोष्ट करा. जिथे आवाज बिघडला ती वेळ टिपून ठेवा आणि तोच तुकडा पुन्हा वाजवा. त्याच जागी, तसाच आवाज आला तर दोष बहुधा फाइलमध्ये किंवा मिक्समध्येच (सगळे आवाज एकत्र जुळवलेत तिथे) आहे. जागा बदलली तर दोष वाजवण्याच्या क्रियेत आहे, तुमचं रेकॉर्डिंग शाबूत आहे. खात्री करायची तर गाणं एक्स्पोर्ट करून साध्या प्लेअरमध्ये ऐका. एक्स्पोर्ट करताना संगणकाला घाई नसते, लागेल तेवढा वेळ तो घेतो, त्यामुळे वाजवतानाची तडतड त्या फाइलमध्ये उतरत नाही. मात्र रेकॉर्डिंग चालू असताना आत येणारा आवाज तुटला, तर ती खाच कायमची. एक लांबवलेला, अतिशय सुंदर लागलेला सूर मी असाच गमावला आहे. तो पुन्हा तसा लागला नाही. म्हणून हा विषय मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही.

आता तडतडीकडे येतो, कारण सर्वांत जास्त त्रास तिचाच. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे ध्वनीची घेतलेली मापं, असतात. संगणक ते एकेक करून पाठवत नाही, गठ्ठ्यानं पाठवतो. या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. बफर १२८ असेल तर एक गठ्ठा साधारण २.९ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक, सगळे प्लगइन (आवाजावर संस्कार करणारे जोड-प्रोग्रॅम), सगळी बेरीज पूर्ण होऊन पुढचा गठ्ठा तयार हवा. नसेल, तर ऑडिओ इंटरफेसकडे (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीकडे) वाजवायला काहीच उरत नाही, ध्वनीची रेषा तुटते आणि ‘तड’ ऐकू येतं. सॅम्पल रेट ९६,००० केला तर त्याच १२८ च्या बफरला जेमतेम १.३ मिलिसेकंद मिळतात. बफर १,०२४ केला तर ४४,१०० ला २३ मिलिसेकंद.

इथे सरासरीचा काही उपयोग नाही. वादकाची लय सरासरीनं बरोबर आहे, पण सम दर आवर्तनात थोडी मागे-पुढे पडते, असं चालेल का? संगणकाला तर इथे सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास समा गाठायच्या असतात. म्हणून ‘प्रोसेसर ३० टक्केच वापरला जातोय, तरी तडतड का?’ या प्रश्नात विसंगती काहीच नाही. तो आकडा सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची) आणि बऱ्याच लांब वेळाची सरासरी दाखवतो. एका ट्रॅकवर आठ प्लगइन ओळीनं लावलेत, तर दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. ती साखळी सहसा कोअरमध्ये वाटता येत नाही. एक कोअर धापा टाकतो, बाकीचे मोकळे बसतात. मास्टर ट्रॅकवरची लांब साखळी तर आणखी महाग, कारण सगळं गाणं तिच्यातूनच जातं.

आणखी एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. बरीच सॉफ्टवेअर नुसते वाजणारे ट्रॅक थोडे आधीच गणून ठेवतात. पण एखादा ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज केला किंवा त्याचं मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच ऐकणं) चालू केलं, की त्याला ही सवलत मिळत नाही. तो थेट त्या तीन मिलिसेकंदांच्या शर्यतीत येतो. म्हणून सुरळीत वाजणारं गाणं रेकॉर्डचं बटण लाल होताच तडतडू लागतं. यावर उपाय ट्रॅक फ्रीझ करण्याचा: जड ट्रॅक तात्पुरते साध्या ध्वनिफाइल करून टाका. रेकॉर्डिंगला बफर लहान, मिक्सिंगला मोठा, ही विभागणी मी कधीच सोडत नाही. मोठ्या बफरमुळे गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल, तर इंटरफेसमधलं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला जातो. मग बफर लहान ठेवण्याची सक्तीच राहत नाही.

कधी कधी आपलं सॉफ्टवेअर वेळेवर तयार असतं, पण मध्ये दुसराच कुणी घुसतो. विंडोजमध्ये वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी सांभाळणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसर काही काळ अडवून धरतो. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम नेमका कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवतो. वाय-फाय बंद करून ऐका, मग पॉवर सेव्हिंग बंद करून ऐका. पण एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय लागू पडलं ते कळणारच नाही. लॅपटॉप तापला तर प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो, तेव्हा पहिली दहा मिनिटं ठीक आणि मग तडतड, असं असेल तर हात लावून पाहा. इंटरफेस यूएसबी हबमध्ये असेल तर थेट संगणकाला जोडा. ध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या यूएसबीच्या पद्धतीत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर निवडा. स्टाइनबर्गनं १९९७ साली ही पद्धत आणली, तिचा हेतूच विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून आवाज थेट नेण्याचा होता.

टिकटिकीची गोष्ट थोडक्यात. दोन डिजिटल उपकरणं जोडली आणि दोन्ही आपापल्या घड्याळावर चालली, की ती हळूहळू एकमेकांपासून सरकतात. दहा लाखांत २० एवढासा फरक असला, तरी ४८,००० सॅम्पल रेटला दर सेकंदाला जवळपास एक सॅम्पल कमी किंवा जास्त होतं आणि तिथेच टिक ऐकू येते. एकाला मुख्य करा, दुसऱ्याला त्याचं घड्याळ घ्यायला सांगा. तुकडा कापलेल्या जागीच टिक येत असेल, तर तिथे पाच मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूच उतरवा किंवा चढवा.

खरखर फक्त मोठ्या आवाजावर येत असेल तर ते क्लिपिंग, म्हणजे पातळी मर्यादेबाहेर गेल्यानं आवाजाचे माथे कापले जाणं. आत येतानाच झालं असेल तर मिक्समध्ये पातळी उतरवून काही साधत नाही; गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करून पुन्हा रेकॉर्ड करा. करकरीला सॉफ्टवेअरमध्ये उपायच नाही, तिथे केबल बदलायची किंवा बटणातली धूळ काढायची.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी सगळे ट्रॅक सज्ज करून पाच मिनिटं चाचणी घेतो. सुरुवातीला ही चाचणी मी शांततेत घ्यायचो आणि सगळं निर्दोष वाटायचं. शांततेत खंड पडला तर ऐकू येणार काय? आता मी इनपुटमध्ये एक सपाट साइन सूर (एकाच शुद्ध कंपनाचा सूर) सोडतो. तंबोऱ्याचा आवाज या कामाला घेऊ नये, त्याच्या जवारीत एखादी बारीक तड सहज लपते. साइन सुरात ती लपत नाही. एक जरी आली, तरी बफर एक पायरी वर नेतो आणि पुन्हा पाच मिनिटं ऐकतो.