पानगळीपासून पावसापर्यंत : मुंबईच्या गच्चीवर माती तयार होते तेव्हा

(दृश्य : सकाळची गल्ली. खराटा. पानांचे ढीग. एका ढिगातून धूर.)

मुंबईत जानेवारी ते मार्च हा पानगळीचा काळ. सोनमोहोर, पर्जन्यवृक्ष, बदाम, पिंपळ, सगळे आपापल्या वेळेनं पानं टाकतात. सफाई कामगार ढीग करतात. पुढे ढीग कचऱ्याच्या गाडीत जातो, नाहीतर कोणीतरी काडी लावतं. त्याच गल्लीत नर्सरीचा टेम्पो उभा राहतो. त्यात लाल मातीच्या गोण्या असतात, कुठल्यातरी टेकडीचा कडा खणून आणलेल्या. पाला खाली जळतो आणि विकतची माती लिफ्टमधून वर जाते.

(दृश्य : बंदराच्या क्रेन. तिथून कॅमेरा एका हिरव्या गच्चीकडे.)

2002 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर वेगळं काहीतरी सुरू झालं. बंदराच्या कामगारांचं जेवण इथे शिजायचं, आणि भाज्यांची देठं, सालं रोज निघायची. केटरिंग विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी हा ओला कचरा खाली पाठवायच्या ऐवजी वर न्यायला सुरुवात केली. मुंबईत गच्चीवर शेती करता येते हे वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी आधीच दाखवलं होतं. उसाची चिपाडं, कंपोस्ट आणि अगदी थोडी माती एवढ्यावर ते भाजी घेत. पुढे यात कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांचा विचार मिसळला. दाभोलकर गणिताचे. त्यांच्या प्रयोग परिवारात शेतकरी स्वतःच्या शेतात मोजमाप करायचे आणि एकमेकांना कळवायचे. त्यांच्या वाटेवरच्या दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात बजवाड्याला, नर्मदेकाठी, मातीची एक रीत बसवली. तिचं नाव अमृतमिट्टी. मुंबईत ही रीत अर्बन लीव्ह्ज या शहरी शेतीच्या गटाच्या स्वयंसेवकांनी माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीसारख्या सामुदायिक बागांमध्ये आणली. आता आपण ती पायरीपायरीनं पाहू. शाळा आणि सोसायट्यांचे बहुतेक उपक्रम रोपांच्या वाटपापासून सुरू होतात, आणि तिथेच फसतात.

(दृश्य : निळं पिंप. शेण कालवणारे हात. काठी फिरते.)

पहिलं काम अमृतजल, म्हणजे पाला कुजवणारं द्रावण. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ. गूळ नसेल तर जास्त पिकलेली केळी कुस्करून टाकायची. शेणाच्या गुठळ्या हातानंच फोडायच्या, काठीनं फुटत नाहीत. पिंप सावलीत ठेवायचं, तोंडाला फडकं बांधायचं. तीन दिवस, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं : बारा वेळा सरळ, बारा वेळा उलट. आकड्यात जादू नाही, आत हवा गेली पाहिजे एवढंच. चौथ्या दिवशी त्यात 100 लिटर पाणी मिसळलं की वापरायला तयार. नीट जमलेल्या अमृतजलाला आंबूस वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर ढवळणं चुकलंय, ते टाकून नव्यानं करावं. शेण ताजंच लागतं. उन्हात वाळलेल्या गोवऱ्यांवर हे काम होत नाही, कारण आपल्याला हवे आहेत ते त्यातले जिवाणू.

(दृश्य : गोण्यांमधून पाला ओतला जातो. मुलं पायांनी चुरा करतात. धुळीत ऊन.)

दुसरं काम पाल्याचं. 10 फूट लांब, 3 फूट रुंद आणि 1 फूट उंच अशा एका वाफ्याला साधारण 80 किलो कोरडा पाला लागतो. चुरा करून दाबून भरला तर पंधराएक गोण्या होतात. चुरा करायचाच. अख्खं पान अख्ख्या पानाला चिकटून बसतं आणि मधे हवा उरत नाही. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याची आणि फणसाची जाड, मेणचट पानं फार वेळ घेतात, ती चौथ्या हिश्श्याहून जास्त नकोत. रसवंतीवाल्याकडची चिपाडं चालतात, मात्र बारीक तोडून. एक खबरदारी : ज्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो, त्याखालचा पाला गच्चीवर आणायचा नाही. या किडीनं मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वठले आहेत, आणि ती जास्वंदीवर, भेंडीवर सहज उतरते.

चुरा अमृतजलात 24 तास भिजवायचा. वरून शिंपडून भागत नाही, कोरडं पान पाणी झटकून टाकतं. मग थर : भिजलेला पाला, त्यावर मूठभर जुनी माती भुरभुरायची, पुन्हा पाला. प्रत्येक थर पायांनी दाबायचा. फूटभर उंची झाली की वर गोणपाट.

(दृश्य : मुठीत पिळलेला पाला, अगदी जवळून. बोटांमधून एक थेंब.)

ओल किती हवी याची चाचणी अशी. मूठभर पाला घट्ट पिळला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त. हात कोरडाच राहिला तर कूज थांबलेली असते.

दर सात दिवसांनी ढीग उलथायचा. वरचा पाला खाली, खालचा वर. मधे लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि दहा मिनिटांनी ओढून हात लावायचा. सळई गरम लागली तर काम चालू आहे. थंड लागली तर ढीग एकतर सुकलाय, नाहीतर पाण्यानं घुसमटलाय. मूठ पिळली की कुठलं ते कळतं. स्वयंपाकघरातली कच्ची सालं, देठं याच ढिगात घालता येतात, पण आकारमानानं एका भागाला तीन भाग कोरडा पाला धरून. तेलातलं, शिजलेलं अन्न आणि हाडं आली की उंदीर येतात, त्यांच्या मागून घुशी, आणि मग सोसायटीची सभा भरते. ढिगात पांढुरक्या, जाडसर अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. काळ्या सोल्जर माशीच्या त्या अळ्या कचराच खातात. त्या फार वाढल्या म्हणजे ओलं जास्त झालंय. वर पाल्याचा जाड थर द्यावा.

(दृश्य : ताटात सांडलेलं मिश्र बियाणं. मुलं एकेक बी ओळखतात.)

महिन्याभरानं ढिगाचा काळपट भुगा होतो. याला अजून माती म्हणायचं नाही. इथे ही रीत साध्या कंपोस्टपेक्षा वेगळी होते. या भुग्यात बी पेरायचं, तेही एका पिकाचं नाही : ज्वारी, बाजरी, मका, मूग, चवळी, उडीद, तीळ, मोहरी, मेथी, धणे, अंबाडी, ताग, झेंडू. वाण्याकडचं अख्खं धान्य चालतं, पॉलिश केलेलं किंवा डाळ नाही. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. सातापेक्षा कमी उगवले तर पेरा दाट करावा. उरलेलं बी अमृतजलात आठेक तास भिजवून पेरायचं.

21 व्या दिवशी झाडांचा वरचा चौथा हिस्सा कापायचा. 42 व्या दिवशी पुन्हा तेवढाच. 63 व्या दिवशी जमिनीलगत कापायचं, मुळं आतच ठेवून. कापलेलं सगळं तिथेच वाळवायचं, भिजवायचं आणि ढिगात मिसळायचं. या रीतीचं म्हणणं असं, की कोवळ्या, मधल्या वयाच्या आणि निबर पाल्यातून मातीला वेगवेगळी द्रव्यं मिळतात. प्रत्येक टप्प्याचा हिशेब प्रयोगशाळेत मांडायची आपल्याला गरज नाही. मुळांनी भुगा सुटा होतो, द्विदल पिकांच्या गाठींमधून नत्र येतं, आणि हे हाताला कळतं. शेवटचा पाला मुरायला आणखी एक महिना.

आता कॅलेंडर मांडा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ढीग, फेब्रुवारीत पेरणी, एप्रिलच्या सुरुवातीला शेवटची कापणी, मेच्या मध्यापर्यंत माती तयार. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पाऊसही येतो. पानगळीचं, शाळेचं आणि पावसाचं वेळापत्रक असं आपोआप जुळत असताना आपल्याकडे वृक्षारोपणाचे कार्यक्रम मात्र फोटोच्या सोयीनं होतात. सुट्टीतलं पाणी कोण घालणार हे मार्चमध्येच कागदावर लिहून घ्यायचं, आणि गच्चीच्या कुलपाची दुसरी किल्ली वॉचमनकडे द्यायची. शाळांच्या बागा मरतात त्या बहुतेक याच दोन महिन्यांत.

(दृश्य : माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. दाट झाडी. पलीकडे धारावीची घरं.)

ही जागा 1977 पर्यंत शहराचा उकिरडा होती. आज इथे 37 एकरांवर झाडी आहे, आणि 1994 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. शाळांच्या सहली इथे येतात. गच्चीवर ढीग लावण्याआधी मुलांना इथे आणावं, झाडाखाली उकिडवं बसवावं. वरचं पान कोरडं, त्याखालचं ओलं, त्याखाली नुसत्या शिरांची जाळी, आणि त्याखाली काळी माती. गच्चीवर पाच महिन्यांत होतं ते इथे कोणी न उलथता होत असतं.

(दृश्य : वर्गाची खिडकी. दोन बाटल्या शेजारी शेजारी.)

पुढे गच्चीवर माती तयार झाली की शाळेत दोन बाटल्या. एकीत तिसरा हिस्सा लाल माती, दुसरीत तेवढीच गच्चीवरची. वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर. झाकण लावून जोरात हलवायचं आणि खिडकीत ठेवून द्यायचं. रेती मिनिटाभरात तळाला जाते. पोयटा, म्हणजे बारीक गाळ, काही तासांनी. चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. गच्चीवरच्या मातीचा बराच भाग वरच तरंगत राहतो : तो पाला. लाल माती क्रेटमध्ये विटेसारखी का बसते, याचं उत्तर मुलं या बाटलीकडे बघून स्वतः देतात.

तशीच सोपी गोष्ट उन्हाची. एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला सावलीची कड खडूनं आखायची. जिथे सहा तास ऊन येतं तिथे भेंडी, वांगी, मिरची. चार तासांत माठ, मेथी, मायाळू. त्याहून कमी असेल तर अळू. टाकीच्या सावलीत टोमॅटो लावून तो वाढत नाही म्हणून खत वाढवत बसणारे लोक पुष्कळ आहेत.

(दृश्य : गच्ची वरून. क्रेटच्या रांगा. विटांवर ठेवलेलं पिंप.)

वजनाचं आधी बघायचं असतं. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. एक फूट जाडीची ओली लाल माती जवळपास 500 किलो भरते. पाल्याची माती त्याच्या निम्म्याहून कमी, तरी मर्यादेच्या वरच. म्हणून वाफा गच्चीच्या मधोमध पसरायचा नाही. तुळईवर किंवा भिंतीलगत, रांगांमध्ये चालायला जागा सोडून. जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग शेण.

फळांचा जाळीदार क्रेट घ्यायचा, साधारण दीड फूट बाय एक फूट, एक फूट खोल. आत शेडनेट, तळाला नारळाच्या शेंड्या, वर माती, काठ दोन इंच मोकळा. एका वाफ्यातून असे वीसेक क्रेट भरतात. क्रेट विटांवर ठेवायचा. लादीवर टेकला की खाली ओल धरते आणि गळतीचा आळ बागेवर येतो. कधीकधी तो खराही असतो : शेवगा, पपई यांची मुळं लादीच्या सांध्यात शिरतात. त्यांना पिंपातच वाढवायचं. वड-पिंपळाचं रोप दिसेल त्या दिवशी उपटायचं.

(दृश्य : मुसळधार पाऊस. पन्हाळाच्या जाळीवर साचलेली पानं. एक हात ती काढतो.)

जुलैत संकटं वेगळी. पन्हाळाची जाळी तुंबली की तासाभरात गच्चीवर घोटाभर पाणी. क्रेटखालच्या थाळ्या उचलून ठेवायच्या, त्यात डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं येतात. पावसानं द्रव्यं धुऊन जातात, पानं पिवळी पडतात. दर पंधरवड्याला मूठभर माती वरून द्यायची आणि पाल्याचं आच्छादन ठेवायचं. कबुतरं दोन पानांचे कोंब खुडतात, पहिले पंधरा दिवस जाळी लावाच. मावा या रस शोषणाऱ्या किडीसाठी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि रिठ्याचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालून. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर मावा किंवा पिठ्या ढेकूण वर आहेच.

(दृश्य : माठाची जुडी. टोपलीत भेंडी, मिरच्या. मुलांचे चेहरे.)

एका घराची वर्षाची भाजी यातून निघत नाही. कचरा मात्र खाली जात नाही.

(दृश्य : भेंडीचं झाड. एका शेंगेच्या देठाला बांधलेला लाल दोरा.)

पुढच्या वर्षीचं बी सप्टेंबरात धरायचं. सगळ्यात जोमदार झाड निवडायचं, त्यावरच्या दोन-तीन भेंड्या झाडावरच वाळू द्यायच्या आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा नसला की कोणीतरी ती भाजीला तोडून नेतं, आणि नेमकी सगळ्यात चांगल्या झाडावरचीच.