माझेच पैसे, माझाच परतावा

श्रोतेहो, नमस्कार. कर कमी असावेत आणि सरकारने आपला खर्च आवरता घ्यावा, असे मी नेहमी म्हणतो. का म्हणतो, ते हर्णैच्या एका नौकामालकाच्या हकिकतीवरून सांगतो.

यांत्रिक नौकेच्या डिझेलवर राज्य सरकार मूल्यवर्धित कर घेते आणि मागाहून मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत तो परत करते. या गृहस्थांनी नारळी पौर्णिमेनंतर पूर्ण दराने डिझेल भरले आणि पावत्या संस्थेत दिल्या. पुढे प्रस्तावात त्रुटी निघाल्या, त्या दूर झाल्या तर निधीची तरतूद नव्हती, आणि असे करता करता शिमगा आला. खलाशांचा पगार, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती हे काही थांबत नाही, म्हणून त्यांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली. उचल घेतली की मासळी त्यालाच, आणि तीही तो म्हणेल त्या भावाने. संध्याकाळी पुळणीवर लिलाव चाले, शेजारच्या टोपलीतली सुरमई चढ्या बोलीने जाई, आणि हे आपली सुरमई मुकाट्याने व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवत. अखेर परतावा आला, तोही धनादेश वाटपाच्या समारंभात. ते मला म्हणाले, "भाऊ, पैसे माझेच, आणि हार मात्र त्यांच्या गळ्यात."

पुन्हा सांगतो: घेतलेला कर पुरता परत आला, तरी मधल्या महिन्यांचे व्याज आणि पडलेला भाव परत येत नाही. करदात्याच्या खिशातून निघून तिजोरीमार्गे फिरून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचे थोडेफार असेच होते. जो रुपया घेतलाच नाही, त्याच्या परताव्यासाठी टेबल लागत नाही आणि कारकूनही लागत नाही.

१९७३-७४ साली आपल्याकडे प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढा कर प्रामाणिकपणे कोण भरणार? १९९७ साली तो दर ३० टक्क्यांवर आणला, आणि पुढच्या दशकात प्राप्तिकराचे उत्पन्न वाढले. सरकारने दीपगृहे, न्यायालये, पोलीस आणि वादळाची सूचना ही कामे चोख करावीत. गावोगावच्या स्वागतकमानी मात्र कोणी मागितल्या होत्या, हे मला आजवर कळलेले नाही.

मच्छीमाराकडून हा कर मुळात घेऊच नये, असे म्हटले की करमुक्त डिझेल ट्रकांच्या टाक्यांत जाईल, असा आक्षेप घेतला जातो. थोडे जाईलही. परंतु त्या चोरांना पकडणे हे पोलिसांचे काम आहे. त्यांच्या भीतीने सगळ्या बंदराला वर्षभर उचलीवर ठेवण्याचे कारण नाही.