पत्र्याचीही शाकारणी

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल उतरणीला लागला की आमच्या कोकणात पूर्वी शाकारणीची घाई उडायची. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रीप कुजली असेल तर नवी ठोकायची. मग पत्रे आले आणि घराघरांतून एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, 'सुटलो एकदाचे त्या शाकारणीतून!' मी दापोली तालुक्यात गेली पंचवीस वर्षं पत्र्याचं काम करतोय. माझं म्हणणं आहे, शाकारणी पत्र्यालाही लागते.

३ जून २०२० तुम्हाला आठवत असेल. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या वाडीत पडलेले पत्रे गोळा करत होतो. एक पत्रा उचलला. त्याच्या कडेची भोकं लांबट फाटली होती, आणि त्या भोकांतले स्क्रू मात्र गोठ्याच्या सांगाड्याच्या पाइपात जसेच्या तसे उभे. म्हणजे स्क्रू निघाला नव्हता, पत्राच त्याच्या डोक्यावरून ओरबाडून निघाला होता. तो गोठा माझा, पत्रे मीच घातलेले. कडेलाही मधल्यासारखेच विरळ स्क्रू मारले होते, ही चूक माझी. शेजारच्या घराची तऱ्हा वेगळी. तिथे पत्रे सांगाड्याला घट्ट होते, पण सांगाडा भिंतीवर नुसता सिमेंटच्या थापीवर टेकवलेला. अख्खं छप्परच उचलून पलीकडच्या नारळांत जाऊन पडलं.

वारा पत्र्याला वर ओढतो. छपरावरून वेगानं जाताना तो शोषून घेतो, आणि उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो भरतो. तेवढ्या वाऱ्यात कडेला त्याच चौरस मीटरवर पन्नास किलोहून जास्त ओढ बसते. पत्र्याचं वजन इथे काय पुरणार? वळचण, आढं आणि चारही कोपरे, इथे ओढ सगळ्यात जास्त. तिथे प्रत्येक पन्हळीला, निदान एकाआड एक, स्क्रू हवाच. आणि सांगाडा भिंतीच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टनं पक्का धरलेला हवा. घर बांधताना याला फार खर्च नाही. मागाहून करायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागते.

नवे पत्रे घालणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी धराव्यात. आपल्याकडचा पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून घालायला सुरुवात वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून करा. म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. बाजूचा जोड दीड पन्हळीचा ठेवा, वर-खालचा किमान सहा इंच. उतार मी दहा फुटाला तीन फूट धरतो. स्क्रू उंचवट्यावर मारा, खोलगटात मारला की पाण्याच्या वाटेतच भोक पडतं. आणि कसताना हात आवरा. रबरी वायसर धातूच्या टोपीखालून किंचित बाहेर डोकावला की थांबायचं. आणखी पिळलात तर तो फाटतो, तीन-चार पावसाळ्यांत तिथूनच गळायला लागतं.

पत्रा ग्राइंडरनं कापू नका, हे मी प्रत्येक पोराला बजावतो. ठिणग्यांनी जस्ताचा थर जळतो आणि कापलेली कड वर्षभरात लाल होते. कात्री वापरा. काम संपलं की भोकं पाडताना उडालेला लोखंडी चुरा संध्याकाळच्या आत झाडून काढा. रात्रभर दव पडलं की सकाळी नव्याकोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठलेले दिसतात.

आता दरवर्षीचं काम. समुद्राजवळच्या घरांनी हे नीट ऐकावं. उघड्या छपरावरचा खार पाऊस धुऊन काढतो, पण वळचणीच्या खालच्या अंगाला पाऊस पोचतच नाही. तिथे खार साचत राहतो आणि पत्रा खालून खाल्ला जातो. वरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्याची कड बोटानं दाबली तर कुरकुरीत तुटते, असं मी कित्येक घरांत पाहिलंय. उन्हाळ्यात दोन-तीनदा तेवढा भाग साध्या पाण्यानं धुवा. पन्हळीतला आंब्या-फणसाचा पाला काढा, त्याच्याखाली ओल महिनोन्महिने टिकते. उन्हानं कडक झालेले वायसर बदला. जुन्या भोकात स्क्रू सैल फिरत असेल तर साडेपाचऐवजी ६.३ मिलिमीटरचा जाड स्क्रू घाला. गळतीवर डांबर थापू नका. डांबराला भेगा पडतात, पाणी आत अडकतं आणि खालचा पत्रा कधी सडला ते कळतही नाही. सिलिकॉन आणाल तर ज्याला आंबट वास येतो ते घेऊ नका, त्यातलं आम्ल जस्त खातं.

वर चढाल तेव्हा स्क्रूच्या रांगेवरच पाय ठेवा, खाली पाइप तिथेच असतो. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका, तो उन्हानं ठिसूळ झालेला असतो. विजेची तार छपराजवळून गेली असेल तर आधी वीज बंद करून घ्या. शिडी धरायला खाली माणूस हवा, आणि वारा सुटला असेल तर त्या दिवशी चढूच नका.

गळतीची जागा हुडकायला मात्र वर चढावं लागत नाही. भर दुपारी घरात या, दारं-खिडक्या लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावले की वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथल्या पाइपावर खडूनं खूण करा. माझ्या घरात काल अशा सहा खुणा झाल्या. उद्या त्या सहा जागा करायच्या आहेत, मिरगाला अजून महिना आहे.

नमस्कार.