मॉल्दोव्हा बघायचा तर जमिनीखालूनही बघा

मंडळी, आधी जागा सांगते, कारण मॉल्दोव्हा बऱ्याच जणांना नकाशात शोधावाच लागतो. रोमेनिया आणि युक्रेनच्या मधे, पश्चिमेला प्रुत नदी, पूर्वेकडे नीस्टर, आणि आकार म्हणाल तर आपल्या महाराष्ट्राच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा. समुद्र नाही. दक्षिणेच्या टोकाला डॅन्यूबचा जेमतेम अर्धा किलोमीटर काठ वाट्याला आलाय, पण तेवढ्यातही त्यांनी बंदर उभारलं आणि तिथे समुद्रात जाणारी जहाजं लागतात! मला याचं फार कौतुक वाटतं.

आता लोक काय करतात, बुखारेस्टहून येतात, राजधानी किशिनाऊमधे एक दिवस काढतात, सोव्हिएत काळातले ब्लॉक बघतात आणि इथे काही नाही म्हणून निघतात. असं नका हो करू. हे शहर 1940 च्या भूकंपात आणि पाठोपाठ महायुद्धात उद्ध्वस्त झालं होतं. ते परत उभं केलं त्यासाठी पांढरट चुनखडीचा दगड आसपासच्या खाणींतून काढला, क्रिकोवा, मिलेश्ती मिच वगैरे, आणि दगड वर आल्यावर खाली जे बोगदे उरले त्यात तापमान बाराही महिने 12 ते 14 अंशांच्या आसपास आणि हवा दमट, म्हणजे वाइन मुरायला जसं हवं तसंच. मग तिथेच तळघरं केली. मिलेश्ती मिचचे बोगदे सुमारे 200 किलोमीटर लांबीचे आहेत, आत चक्क गाडीने फिरतात, आणि तिथल्या बाटल्यांच्या साठ्याची 2005 साली गिनीजमधे नोंद झाली. क्रिकोवाला 1966 मधे अंतराळवीर गागारिनही येऊन गेलाय. रशियाने 2006 मधे आणि परत 2013 मधे वाइनची आयात बंद केली, केवढा फटका बसला असेल विचार करा, कारण मुख्य गिऱ्हाईक तेच होतं, पण या लोकांनी दर्जा सुधारला आणि युरोपात गिऱ्हाईक शोधलं.

पुढे ओर्हेयुल वेक्य. रऊत नदीने इथे मोठं वळण घेतलंय आणि वरच्या चुनखडीच्या कड्यात साधूंनी कोरलेला मठ आहे, आत शिरलात की खिडकीतून सगळी दरी दिसते. खाली बुतुचेन गावात राहा, ऐका माझं, मुक्काम करा. जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा, सोबत मेंढीचं चीज आणि आंबट साय. ती मामालिगा जुन्या पद्धतीने दोऱ्याने कापतात.

नीस्टरच्या काठी ट्रान्सनिस्ट्रिया, 1992 च्या युद्धापासून वेगळा कारभार, स्वतःचा रुबल, झेंड्यावर अजून कोयता-हातोडा, पण युनोच्या एकाही सदस्य देशाची मान्यता नाही. जायचं तर आधी सध्याची परिस्थिती आणि आपल्या सरकारची सूचना बघूनच ठरवा, पासपोर्टसोबत हद्दीवर मिळणारी चिठ्ठी सांभाळा, तिच्यावर मुदत लिहिलेली असते, आणि रोख पैसे ठेवा कारण बाहेरची कार्डं तिथे सहसा चालत नाहीत.

दक्षिणेला गागाउझिया, तुर्की वळणाची भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक, 1994 पासून स्वायत्तता. तिथल्या मुख्य शहराला, कोमरातला मिनीबस जाते.

आणि कधी जायचं विचाराल तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय वाइन दिन असतो, तेव्हाच जा, फक्त राहायची सोय आधी करून ठेवा.