काळ्या बाटलीच्या मागे

(जावळी तालुक्यातील जलसुरक्षक आणि ग्रामस्थांपुढे दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, ही बाटली हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या, फक्त झाकण उघडू नका. परवा संध्याकाळी हिच्यात पाणी भरलं तेव्हा ते फिकट पिवळं होतं. आज शाईसारखं काळं झालंय. विष्ठेसोबत येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो बाटलीतल्या लोहाला भेटला की हा रंग येतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही चाचणी मांडली. वीज नसलेल्या वाडीतही ती करता येते. पण घाण शिरली एवढंच ती सांगते. कुठून शिरली, ते आपल्याला डोंगर चढूनच शोधावं लागतं.

तुमच्याच तालुक्यातल्या एका वाडीचं सांगते. वर जांभ्याचा सडा, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून मुरतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि कडेनं झरा होऊन बाहेर येतं. झऱ्यावर सिमेंटची पेटी, तिथून उतारानं पाइप, मग दहा हजार लिटरची टाकी आणि खाली चार नळकोंडाळी. ना मोटर, ना वीजबिल. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णामाई गोमुखातून येते, तसंच आमचं पाणीही देवाचं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. मे महिन्यातला नमुना चांगला आला होता. मृगाचा पाऊस लागला आणि आठ दिवसांत पोरांना जुलाब सुरू झाले.

जलसुरक्षकानं टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकली. दोन दिवस बरे गेले, मग नळाची बाटली पुन्हा काळी. लोक म्हणाले, पावडर बनावट आहे.

ओढ्यावरून जाणाऱ्या पाइपच्या एका जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. पाण्याचा जोर कमी झाला की असा जोड बाहेरचं पाणी आत ओढतो. सगळ्यांचा संशय तिथंच होता, माझाही. तरी आम्ही पाण्याच्या उलट्या दिशेनं निघालो. नळावर एक नमुना, टाकीत पडणाऱ्या धारेचा एक, जोडाच्या वरच्या अंगाला एक, पेटीतला एक, आणि पेटीचं झाकण काढून थेट कातळाच्या फटीतून एक. सहाव्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे आमच्याच हातून काही चुकलं असेल तर कळावं. टाकीतला नमुना मुद्दाम घेतला नाही. तिथं क्लोरीन असतं, ते जीवाणू दाबून टाकतं आणि आपली दिशाभूल होते.

दुसऱ्या दिवशी नळ, टाकीवरची धार, जोडाच्या वरचं पाणी, पेटी, चारही काळ्या. फटीतलं पाणी अठ्ठेचाळीस तासांनीही पिवळं, उकळलेलंही पिवळं. म्हणजे झरा चांगला होता, आणि जोडाच्या आधीच पाणी बिघडलेलं होतं. फट ते पाइपचं तोंड, एवढ्या चार हातांतच काहीतरी घडत होतं.

भर पावसात पेटीपाशी बसलो. डोंगराकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात खेकड्याचं बीळ होतं, अंगठा जाईल एवढं. त्यातून गढूळ पाण्याची दोऱ्याएवढी धार आत येत होती. वर पंधरा पावलांवर दुपारी गुरं बसायची ती सपाट जागा, शेणानं काळी झालेली. पाइपचं तोंड बंद केलं आणि त्या जागेवर नीळ कालवलेलं बादलीभर पाणी ओतलं. थोड्या वेळानं पेटीत निळी रेघ उतरली. सोबतच्या मावशींची गुरं तिथं बसत. त्या रेघेकडे पाहून त्याच म्हणाल्या, "उद्यापासून खालच्या माळाला बांधते."

बीळ बुजवलं, पेटीच्या वरच्या अंगाला चर खणला, झाकणाला उंच कड केली, सांडव्याच्या पाइपला जाळी बसवली, काट्याचं कुंपण घातलं. जोडही बदलला. तो आज ना उद्या दगा देणारच होता.

टीसीएल बनावट नव्हती. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी वाट बंद करायची, मग औषध. दहा हजार लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम म्हणजे वीस ग्रॅम क्लोरीन. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण तिसरा हिस्सा, म्हणून साठेक ग्रॅम लागते. पोतं उघडं राहून ओल धरली असेल तर एवढ्यानं भागत नाही. अर्ध्या तासानं ओटी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलंय ती चाचणी, करा, पण टाकीपाशी नको, शेवटच्या नळावर. तिथं लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवं.

आणखी एक. काळी बाटली म्हणजे संशय. खात्रीसाठी प्रयोगशाळा आहे, आणि भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन मारायचं औषध आधीच असतं. ती विसळू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी विसळली होती, आणि एका गावाचं पाणी चांगलं असल्याचा चुकीचा दाखला माझ्या हातून गेला. ते अजून मनातून जात नाही.

मे महिन्यातला नमुना घ्याच, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या घेऊन वर जा. प्रत्येक वाडीसाठी सहा आणल्या आहेत, जाताना घेऊन जा.