'त्यामुळे लेख प्रभावी झाला आहे' हे वाक्य आधी खोडा

नमस्कार! अग्रलेखातल्या, मतलेखातल्या भाषेचं विश्लेषण कसं करायचं, हे इतक्या जणांनी विचारलंय की आज फक्त तेच घेऊया.

मूळ गोष्टी तुम्हाला येतात. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेले मन वळवण्याचे तीन मार्ग: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. झालं, पुढे जाऊ.

अडतं कुठे ते सांगते. तुम्ही पाठवलेली उत्तरं मी वाचते. 'लेखकाने प्रश्न विचारला आहे. पुनरुक्ती केली आहे. त्यामुळे लेख प्रभावी झाला आहे.' अहो, ही नुसती यादी झाली! शाळेत आमच्या बाई अशा वाक्यांशेजारी लाल पेनाने दोनच शब्द लिहायच्या: 'मग काय?' पहिल्यांदा वहीभर ते 'मग काय?' बघून मला रडू आलं होतं. पण मला वाचायला शिकवलं ते त्याच दोन शब्दांनी.

एक वाक्य घेऊ. 'आपण गप्प बसलो आणि आपल्याच मुलांचं मैदान हातातून गेलं.'

इथे 'आपण' आहे, 'आम्ही' नाही. 'आम्ही' म्हटलं असतं तर वाचणारा बाहेर राहिला असता. 'आपण' म्हटल्याबरोबर तोही गप्प बसणाऱ्यांत मोजला गेला, त्याला न विचारता. मग 'आपल्याच'. तो 'च' काढून वाक्य मोठ्याने वाचा बरं. बोचणी कमी झाली ना? आणि 'हातातून गेलं'! गेलं म्हणजे कसं गेलं? कोणी घेतलं, कोणी विकलं, सही कोणाची? क्रियापदाने कर्ताच गिळून टाकलाय, त्यामुळे उरतो तो फक्त आपला अपराधीपणा.

तर युक्ती एवढीच: शब्द बदलून बघायचा. 'गेलं'च्या जागी 'पालिकेने विकलं' ठेवा. राग लगेच दुसरीकडे वळतो. हा जो फरक पडला, तो लिहायचा. तंत्राचं नाव चुकलं तरी चालेल, फरक मात्र सुटता कामा नये.

पटत नसेल तर जुनं उदाहरण घ्या. जुलै १८९७, केसरी. प्लेग अधिकारी रँडवरच्या हल्ल्यानंतर पुण्यात दडपशाही सुरू झालेली, आणि टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यावर 'प्रश्नार्थक वाक्य वापरले आहे' एवढंच लिहिलंत तर हाताला काय लागलं? 'डोकं ठिकाणावर आहे का' हे आपण घरात, भांडणात म्हणतो. ते बोल साम्राज्याच्या सरकारला लावले की सरकार एकदम घरातल्या बेताल माणसाच्या रांगेत येऊन बसतं. आणि 'नाही' हे उत्तर टिळक देतच नाहीत, ते वाचणाऱ्याच्या मनात उमटतं. आता इथे साधं वाक्य ठेवा: 'सरकारचे धोरण अयोग्य आहे.' बघा काय काय निघून गेलं ते.

(त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. बरेच जण ती याच मथळ्याशी जोडतात, पण खटला केसरीतल्या आधीच्या, जूनमधल्या लिखाणावर होता. उत्तरात ही चूक करू नका.)

एका कमेंटबद्दल बोलायलाच हवं. 'म्हणजे मन वळवणारा प्रत्येक जण फसवतोच ना?' नाही हो! हे मला मनापासून खटकतं. मैदान खरंच गेलेलं असू शकतं, लिहिणाऱ्याचा राग खरा असू शकतो. फसवलं की नाही हे पुराव्यावरून ठरतं, तो मुद्दा वेगळा तपासा. भाषा जोरकस आहे म्हणून लगेच संशय घेणं हासुद्धा आळसच आहे, 'प्रभावी' लिहून मोकळं होण्यासारखाच.

आता तुमच्यासाठी एक वाक्य: 'जाणकारांच्या मते हा निर्णय घाईघाईने लादला गेला.' जाणकार कोण? लादला कोणी? 'लादला गेला'च्या जागी 'घेतला गेला' ठेवलं तर काय हरवतं? चार ओळींत लिहून पाठवा, 'प्रभावी' हा शब्द न वापरता. मी सगळी उत्तरं वाचणार आहे.